पासली ते भोर, नातीचे बूट घेऊन

सकाळच्या गाडीनं पासली सोडली तेव्हा माझ्या मांडीवर फडक्यात बांधलेले दोन बूट होते, आणि शेजारी बसलेली नात माझ्याशी बोलत नव्हती. बूट तिचे. बिघडवले मी. म्हणून धरून बसायचं काम माझं.

आमची गाडी मुक्कामी (संध्याकाळी पुण्याहून येऊन गावात थांबणारी आणि उजाडता परत जाणारी एसटी). कंडक्टर ओळखीचा. तिकीट फाडता फाडता त्यानं विचारलं, "काय म्हातारबा, फडक्यात काय? कोंबडी?"

शीतल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कोंबडी परवडली असती."

हे का म्हणाली ते सांगतो. शीतल माझ्या धाकट्या मुलाची मुलगी. मुलगा पुण्यात एका बंगल्यावर माळी आहे. त्या बंगल्यातल्या बाई मुलींना बॅले शिकवतात. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहून करायचा विलायती नाच. ही सात वर्षांची असताना खिडकीबाहेर उभी राहून आतल्या मुलींसारखं करायची. बाईंनी ते बघितलं आणि तिला आत घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली. आता विलायतेतल्या विद्यापीठात ह्याच नाचाचं शिक्षण घ्यायला ती निघाली होती. कागदपत्रं झाली होती, एक परीक्षा राहिली होती. तिकडच्या दोघी मास्तरणी शनिवारी पुण्यात येणार, हिचा नाच बघणार, आणि घेतो की नाही ते तिथंच सांगणार. त्याआधी देवीच्या पाया पडायला आणि मला भेटायला ती पासलीला आली होती.

मी ह्या नाचाला कधी हो म्हटलं नाही. मी दुसरी शिकलेला माणूस, जन्म शेरडांमागं गेला. आमच्या घरातली पोर लोकांसमोर नाचणार हे मला मानवलं नाही, आणि एकदा नाही म्हटलं की माझं नाहीच असतं. मुलानं किती वेळा बघायला बोलावलं. मी दर वेळी शेरडांचं कारण सांगितलं.

पण पोर सातासमुद्रापार निघाली म्हटल्यावर आतून हलतंच. आमच्याकडं निघणाऱ्याला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. तो एक शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. बुधवारी ती देवळात गेली, तेव्हा तिच्या पिशवीवर ते नवे बूट दिसले. गुलाबी रेशमी कापड, तळाला बोटभर कातडं, आणि पुढचं टोक लाकडासारखं टणक. मनात म्हटलं, असल्यात पोरीचा पाय सोलून निघेल. नवी वहाण आमच्यात कोणी तशीच घालत नाही. आधी ओल्या फडक्यात गुंडाळायची, मग करंजाचं तेल पाजायचं, दगडानं ठोकायची. मग ती पायाला चावत नाही. मी ते सगळं मनापासून केलं. तोंडानं 'ये' म्हणवत नाही तर निदान वहाणा मऊ करून द्याव्यात, एवढंच मनात होतं.

गुरुवारी उजाडायच्या आधीच तिनं फडकं सोडलं. अंगठ्यानं टोक दाबलं, तर ते पिकल्या उंबरासारखं आत गेलं. ती ओरडली नाही, रडली नाही. उंबऱ्यावर बसून मला समजावून सांगत होती, ते मला जास्त लागलं. टोक लाकडाचं नसतं. चिंध्या, कागद आणि खळ थरावर थर थापून ते करतात. पाणी लागलं की खळ सुटते. आणि नाचताना सगळं अंग त्या टोकावर तोललेलं असतं. जुन्या जोडाची टोकं कधीच बसली, त्यात पाय मुरगळेल. दुसरा नवा जोड परदेशातून टपालानं यायला महिना लागतो.

मी म्हणालो, उन्हात ठेव, होईल कडक.

"ठोकलंत त्याचं काही नाही, आबा," ती म्हणाली. "आम्हीपण ठोकतो. पाणी कशाला लावलंत?"

पुढं ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, की बाई सांगायच्या, तिकडच्या मुली बसलेल्या टोकात आतून लाख ओततात, ती वाळली की टोक पुन्हा कडक होतं. पण इथं लाख कुठून आणायची.

कुठून ते मला ठाऊक होतं. सांगायला तेवढा धीर होत नव्हता. लाखेचं काम करणारा माणूस भोरला होता, आणि त्याच्याशी मी बारा वर्षं बोललेलो नव्हतो. शेवटी शेरडं शेजारणीच्या हवाली केली, बूट बांधले आणि तिला म्हणालो, चल गाडीला.

वेल्ह्यापर्यंत दोन्ही अंगांना राब भाजत होते (भाताच्या रोपासाठी पाला, गवत जाळून जमीन तयार करतात). धुराच्या वर तोरणा निळा दिसत होता. एरवी मी तिला प्रत्येक खिंडीचं नाव सांगितलं असतं. वेल्ह्याला गाडी थांबली तेव्हा चहा आणला, तो तिनं घेतला. एवढं झालं.

नसरापूरच्या पुढं चेलाडी फाट्यावर आम्ही उतरलो. तिथून कापूरहोळ, आणि कापूरहोळहून भोर. रस्ता मला पाठ. पहिली लाल गाडी दिसली तसा मी हात केला आणि चढलो. शीतल मागून म्हणाली, "आबा, पाटी बघा, ही साताऱ्याची आहे."

"कापूरहोळ साताऱ्याच्याच वाटंवर हाय," मी म्हणालो.

वाटेवर होतं, खरंच. फक्त ती गाडी तिथं थांबत नव्हती. कंडक्टर म्हणाला, आता सारोळ्याला उतरा. चौपदरी रस्त्याचं काम चालू होतं, कापूरहोळ धुळीतून आलं आणि गेलं. नातीनं खिडकीला डोकं टेकलं. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सारोळ्याला नीरेच्या पुलाजवळ उतरलो तर ऊन रणरणत होतं. काकड्या विकणारी एक बाई पाल बांधून बसली होती. तिच्या सावलीत टेकलो. शीतलनं बूट सोडले आणि नाड्यांनी पालाच्या बांबूला उन्हात टांगले. बाई काकडी चिरता चिरता बघत होती.

"बाळाचं हाय व्हय?"

"माझे आहेत," शीतल म्हणाली.

बाईनं तिच्या पायाकडं बघितलं, बुटांकडं बघितलं, आणि पुढं काही विचारलं नाही. तेलाचा डाग दिसल्यावर मात्र ती गप्प बसली नाही. कुणी केलं हे, म्हणाली. मी काकडीला मीठ लावत होतो. शीतलनं माझ्याकडं न बघता सांगितलं, घरात झालं. मग त्या बाईनं डब्यातून मूठभर तांदळाचं पीठ काढलं, डागावर दाबून बसवलं आणि म्हणाली, पीठ तेल ओढून घेतं, पिवळं पडलं की झटकायचं. तीन वेळा तसं केलं. टेम्पो मिळेपर्यंत बूट वाळले आणि बरंचसं तेल निघालं. म्हणजे चुकीच्या गाडीत बसलो ते वाया गेलं नाही. पण हे मी शीतलला बोललो नाही. तेवढी अक्कल राहिली होती.

भोरला जाणारा टेम्पो रिकाम्या क्रेटचा होता. मागं बसून गेलो. भोरच्या बाजारात उतरलो आणि त्या माणसाच्या, हुसेनभाईच्या, दुकानाची वाट धरली.

हुसेनभाई फर्निचरला पॉलिश करतो. चपडा (लाखेचे वाळलेले पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवून तो लाकडाला लावतो. बारा वर्षांमागं आमच्या देवळाच्या नव्या दाराला त्यानं पॉलिश केलं होतं. तीन दिवस खपून हात दिले आणि सांगून गेला, दोन दिवस कोणी शिवू नका. दुसऱ्या दिवशी यात्रा. मला वाटलं, आणखी चकाकलं पाहिजे. मी दाराला तेल चोळलं. दार पांढरं पडलं, ठिकठिकाणी फुगलं. तो आला, त्यानं चारचौघांत मला सुनावलं. मी म्हणालो, दार आमच्या गावचं आन् तेल माझं. तो सामान उचलून गेला. दार आजवर तसंच डागाळलेलं होतं. भोरला आलो की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

दुकानात तो पाटावर बसून पाळण्याच्या खांबाला कापसाचा बोळा फिरवत होता. त्यानं मान वर केली, मला ओळखलं, आणि परत बोळा फिरवायला लागला.

"पाळणा गिऱ्हाइकाचा हाय," तो म्हणाला. "तेलाच्या हातानं शिवू नगंस."

मी उंबऱ्यावरून माघारी वळलो. मागं शीतल उभी होती. ती हलली नाही. बाहेर जायची वाट तिच्या अंगावरून होती.

मग मी आत गेलो आणि फडकं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं सोडलं, एक बूट नाकाशी धरला.

"करंज," तो म्हणाला. "बारा वरसांत तेलसुदिक बदललं न्हाईस."

"चुकलं."

"काय?"

"दाराचं चुकलं. ह्याचंबी चुकलं. माझं ऱ्हाऊ दे. पोरीची परवा परीक्षा हाय."

त्यानं बोळा बाजूला ठेवला. शीतलला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, लाख आतून लावायची का बाहेरून. ती म्हणाली, "आतून, चाचा. फक्त टोकाला. मधे तळवा वाकला पाहिजे." किती कडक, तर तिनं त्याचा पाट बोटानं वाजवून दाखवला. दोघं कामाची माणसं, पाच मिनिटांत एकमेकांचं ऐकायला लागली. त्यानं दाट चपडा चमच्यानं टोकात सोडला, बूट हळूहळू फिरवला, उरलेला ओतून काढला, वाळू दिला, पुन्हा सोडला. मी कोपऱ्यात हात मांडीखाली घालून बसलो होतो.

उद्या सकाळपर्यंत वाळू द्यायचं, म्हणून मुक्काम त्याच्याच घरी झाला. भाभीनं आंबेमोहराचा भात आणि सुकटाचं कालवण वाढलं. हुसेनभाईनं मजुरी तेव्हा सांगितली. "ते दार. काचेच्या तुकड्यानं खरवड. समदं. लाकूड कोरं कर आन् मला सांगावा धाड. हात धुऊन बस कामाला."

शुक्रवारी सकाळी शीतलनं बूट घातले, घोट्याला नाड्या बांधल्या. डाव्या बुटावर तेलाचा तपकिरी डाग उरलाच होता. दुकानातल्या फळीवर ती उभी राहिली. एक हात माझ्या खांद्यावर, एक हुसेनभाईच्या. मग ती वर गेली. टोक फळीवर टक्क वाजलं. हुसेनभाई पुटपुटला, धरलं. तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढला. मग माझ्या.

मी रोज डोंगरात बघतो, करडू कड्याच्या टोकाला एका दगडावर चारी खूर जुळवून उभं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, आता गेलं. ते पडणार नाही हे मला ठाऊक असतं. शीतल तशी उभी होती. मग ती त्या चार हातांच्या फळीवर फिरली, एकदा, दोनदा, आणि आवाज न करता खाली आली.

अकरा वर्षं मी हे बघायला गेलो नव्हतो.

भोरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. ती म्हणाली, "आबा, उद्या याल?" आणि माझ्या आधीच म्हणाली, "शेरडं असतील."

"शेरडं न्हाईत. दार हाय," मी म्हणालो. "आन् म्या बघितलं."

ती वाकून पाया पडली. "येते, आबा."

"ये," मी म्हणालो.

एवढा एक शब्द, पण तो म्हणायला मला पासलीहून भोरला यावं लागलं.

परतीला मी एकटा होतो. तीन गाड्या बदलल्या. तिन्ही वेळा चढण्याआधी विचारलं, कुठं जाते, कुठं थांबते. कोणी हसलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, विचारणारा माणूस लहान होतो. घरी पोचलो तेव्हा राबांचा धूर अजून होता, आणि शेजारीण म्हणाली, शेरडं तुमची आठवण काढत नव्हती.

रविवारी कलत्या उन्हात मी देवळाच्या पायरीवर काचेचा तुकडा घेऊन बसलो होतो. एक फळी कोरी झाली होती. मुक्कामी गाडी आली. कंडक्टर पेटी काखेला लावून वर आला.

"म्हातारबा, तुमच्या मुलानं पुण्याच्या स्टँडवर गाठून निरोप दिलाय. बूट टिकलं म्हणं. पोरीला घेतली."

मी मान हलवली. डोळ्यांत भुसा गेला होता, तो पुसला. कंडक्टर दाराकडं बघत उभाच होता. म्हणाला, लाकूड झकास निघालंय, आता तेलाचा एक हात मारा.

"न्हाई," मी म्हणालो. "त्याला भोरचा माणूस येणार हाय."