कंसमामाचा अर्धा कंस

माझ्या मामाला अख्खं घर कंसमामा म्हणतं. दचकू नका, माणूस म्हणजे गरीब गाय आहे. मुंगी वाटेत आली तर तिला आधी ‘सरक गं बाई’ म्हणेल आणि मग पाऊल टाकेल. हे नाव पडलं ते त्याच्या नोकरीमुळे. सव्वीस वर्षं त्याने चौकोनी कंस सांभाळले. शब्दाच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

झालंय असं, की जगातले दोनेकशे देश दरवर्षी एका सभागृहात जमतात. हवा तापतेय, समुद्र चढतोय, मग धूर कोणी किती कमी करायचा आणि आजवर सोडलेल्या धुराचं उत्तर कोणी द्यायचं, यावर दोन आठवडे भांडतात. त्या भांडणाचा एक मसुदा असतो. ज्या शब्दावर एकमत नाही तो कंसात टाकायचा, एकमत झालं की कंस पुसायचा. मामा त्या मसुद्याचा राखणदार. मी त्याला म्हणायचे, “मामा, जग बुडायला आलंय आणि तू शब्दांना कुंपण घालत बसलायस!” तो नुसता हसायचा. त्याच्या वाटणीचा राग बहुधा माझ्याकडे आलाय.

त्याआधी तो छापखान्यात प्रूफं तपासायचा. सभेच्या कचेरीत लागला त्या पहिल्याच दिवशी त्याच्या हातात बारा पानांचा मसुदा पडला. ओळीओळीत कंस! मामाला वाटलं, टाइप करणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. छापखान्यातला माणूस तो, घाण दिसली की हात शिवशिवणारच. दुपारपर्यंत त्याने तीनशे चौदा कंस काढून टाकले, मसुदा लख्ख केला आणि वाटायला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे देशांनी वाचलं की आपलं सगळ्यांचं सगळ्यावर एकमत झालंय. मग काय गोंधळ उडाला म्हणता! “आम्ही कधी कबूल केलं हे?” म्हणत दोन प्रतिनिधी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. साहेबाने मामाला बोलावलं. मामाची पाचावर धारण बसली. साहेब म्हणाला, “अहो, कंस म्हणजे भांडण. ते पुसणं त्यांचं काम, तुमचं नव्हे. जा, सगळे परत घाला.”

तो मान खाली घालून कंस घालत बसला असताना एक बाई त्याच्या टेबलाशी आल्या. समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाच्या प्रतिनिधी. म्हणाल्या, “तुम्ही पुसलेली एक प्रत मला द्याल का? भांडण मिटल्यावर हा कागद कसा दिसतो, ते एकदा बघून घेते.”

मामाने प्रत दिली. ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज दरवेळी बारीक होतो.

त्या मसुद्यात एकोणिसावं कलम होतं : ज्या देशांनी आजवर सर्वांत जास्त धूर सोडला, त्यांची [जबाबदारी] सर्वांत मोठी राहील. त्या कलमावर घोडं अडलं ते अडलंच. बाकीचे कंस आले नि गेले, ‘जबाबदारी’भोवतीचा मात्र ढिम्म हलला नाही. कोणाला तिथे ‘भूमिका’ हवी, कोणाला ‘सहभाग’, कोणाला काहीच नको. बेटावरच्या बाई दरवर्षी यायच्या, दरवर्षी त्या एका शब्दासाठी बोलायच्या. केस पिकले, हातात काठी आली. मधल्या काळात समुद्र आत शिरला म्हणून त्यांचं घर दोनदा मागे हलवावं लागलं. तिसऱ्यांदा हलवायला मागे जमीनच नाही, असं मामाने सांगितलं तेव्हा मी जेवता जेवता ताट सरकवलं. “शे-दीडशे वर्षं धूर सोडला कोणी आणि पाणी शिरतंय कोणाच्या घरात! यात चर्चा कसली करायची?”

मामी शांतपणे म्हणाली, “अगं, आपल्याच घरात बघ ना. दूध उतू गेलं की घरात चार माणसं असतात, पण विचारलं तर गॅसपाशी कोणीच नव्हतं.”

मामा निवृत्त होणार त्या वर्षी सभेच्या शेवटच्या दिवशी मला आणि मामीला त्याने प्रेक्षकांच्या सज्जात बसवलं. मी आजवर टिंगल केली होती, पण खाली बघितलं आणि आ वासून बघतच राहिले. केवढं ते सभागृह! ओळींमागून ओळी आणि प्रत्येक टेबलावर एका अख्ख्या देशाच्या नावाची एक वीतभर पाटी. एका नजरेत मावलेलं जग मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्या सगळ्यांपुढे, व्यासपीठाखालच्या छोट्या टेबलाशी, पेन्सिल कानावर खोवून आमचा मामा.

अध्यक्षबाई एकेक कलम पडद्यावर दाखवत होत्या. “आक्षेप? नाही. मंजूर.” आणि हातोडा. सतरा मंजूर झालं, अठरा मंजूर झालं. एकोणिसावं आलं आणि मी डोळे चोळले. पडद्यावर ‘जबाबदारी’च्या पलीकडचा कंस होता, अलीकडचा नव्हता. कुठेतरी माशी शिंकली होती. जुळवाजुळवीत अर्धा कंस गळाला होता.

मामाने जन्मभर सांगितलेला नियम मला पाठ होता. दोन्ही कंस असतील तरच शब्द वादात. अर्धा कंस म्हणजे नुसती छपाईची चूक. हातोडा पडला की शब्द कायमचा मान्य, मग कोणी कितीही कपाळ बडवून घेवो.

कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दोन आठवड्यांच्या जागरणाने सगळ्यांचे डोळे तांबारले होते. मामाने मात्र कानावरच्या पेन्सिलीला हात घातला होता. त्याला दिसलं होतं. ‘मामा, गप्प बस,’ मी मनात ओरडले. ‘एकदाच मूग गिळून बस. त्या म्हाताऱ्या बाईसाठी बस.’

मामा उठला. “अध्यक्षबाई, माफ करा, इथला एक कंस गळालाय.”

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो हातात आला होता आणि या शहाण्याने तो परत केला! खाली बेटावरच्या बाईंनी चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “कंस कोणाचा होता? नोंद काय आहे?”

मामाने वही उघडली. “‘काही देशांच्या आग्रहावरून’, एवढंच आहे. सव्वीस वर्षांपूर्वीची नोंद. नाव नाही.”

“मग ठीक,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “ज्यांना कंस हवा असेल त्यांनी पाटी उभी करावी. नावानिशी परत घालू. हा कंस कोणाचा?”

दोनशे पाट्या आडव्या. एका बड्या देशाच्या माणसाने पाटीला हात लावला आणि शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी कागदात बघत होता. त्याचा शेजारी पाणी पीत होता. ‘तो करेल उभी, मी कशाला’ हे सज्जातून स्पष्ट दिसत होतं हो! सगळ्या जगासमोर ‘जबाबदारी नको म्हणणारा तो मी’ असं सांगायची जबाबदारी एकालाही नको होती.

“हा कंस कोणाचा?” दुसऱ्यांदा. बड्या देशाच्या माणसाने पाटीवरचा हात काढून घेतला.

मामी माझ्या कानाशी लागली. “दूध,” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी सज्जाच्या कठड्यावर ओणवी झाले होते. एवढं मोठं जग, आणि पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग हातोडा पडला. “मंजूर. उरलेला कंस पुसा.”

मामाने एका बोटाने एक कळ दाबली. पडद्यावरचा अर्धा कंस गेला. आधी कोणाला कळेचना, मग सगळं सभागृह उभं राहिलं.

खाली धावत जाऊन मी आधी भांडूनच घेतलं. “आणि कोणी केली असती पाटी उभी, तर?”

“तर घातला असता कंस परत,” मामा म्हणाला. “पण चोरून मिळालेला शब्द उद्या कोणीही नाकारला असता. आणि कंस कोणाचा ते तरी कळलं असतं की नाही!”

मी त्याची उघडी वही मिटून काखेत मारली. 

तेवढ्यात काठी टेकत बेटावरच्या बाई आल्या. पर्समधून त्यांनी घड्यांवर विरलेला एक कागद काढून मामाच्या हातात ठेवला. बारा पानांतलं एकच पान, एकोणिसाव्या कलमाचं. कुठेही कंस नसलेलं.

“हे घ्या तुमचं,” त्या म्हणाल्या. “घर दोनदा हलवलं, पण हे भिजू दिलं नाही. आता खरं मिळालं.”

मामाने कागद डोळ्यांजवळ नेला. एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाला, “अहो, यात ‘जबाबदारी’ची शेवटची वेलांटी ऱ्हस्व पडलीय. सव्वीस वर्षं चुकीचा कागद सांभाळलात!”

आणि कानावरची पेन्सिल काढून, डोळे पुशीत पुशीत, त्याने ती दीर्घ केली.