भिंतीच्या बाहेर बसणारे अण्णा

"मला काय आशा न्हाय बघा, बाई. आपलं सहज इचारतोय. किती झालं?"

खालून हा आवाज आला की मी हातातलं काम टाकून गॅलरीच्या कठड्याशी जायची. बेळगावच्या कॅम्पात आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. समोर अरुंद रस्ता आणि त्यापलीकडे फुटबॉलच्या मैदानाची उंच भिंत. वरून सगळं मैदान दिसतं, खालून काहीच दिसत नाही. त्या भिंतीला पाठ लावून अण्णा एका दगडावर बसायचे, तोंड माझ्या घराकडे. आत त्यांच्या जिवाभावाच्या टीमचा सामना चाललेला आणि हे बाहेर, माझं तोंड बघत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मॅच चालू असताना जागेवरून न उठणारी, शेजाऱ्यालाही उठू न देणारी. पण मॅच बघणंच सोडून दिलेला मॅचवेडा मी एकच पाहिला.

अण्णा टेलर. जवानांचे युनिफॉर्म शिवण्यात हयात गेली. दुकान आणि मागच्या दोन खोल्या भाड्याच्या, आमच्या घरापासून चार दारं पलीकडे. गल्लीची टीम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पूर्वी ते आत जाऊन प्रेक्षकांच्या पायऱ्यांपैकी अगदी पहिल्या पायरीवर बसत आणि टीम हरत असे. टीम होतीच तशी. एकदा ते चिकोडीला लग्नाला गेले आणि नेमकी त्या दिवशी टीम जिंकली. पुढे एकदा तापाने अंथरुणात होते, तेव्हाही जिंकली. झालं. आपलाच पायगुण वाईट, हे अण्णांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

मग पहिल्या पायरीवरून ते शेवटच्या पायरीवर गेले. तिथून फाटकापाशी, फाटकातून भिंतीच्या बाहेर. भाजीवालीशी करावी तशी त्यांची नशिबाशी घासाघीस चालायची. एवढं लांब बसलो, आता तरी दे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला राहवायचं नाही.

"अण्णा, तुम्ही कुठं बसलाय हे त्या चेंडूला कसं कळणार?"

"चेंडूला कळत न्हाय वो बाई. मला कळतंय न्हवं!"



आत आरडाओरडा झाला की गोल झाला एवढं बाहेर समजतं, कुणाचा ते समजत नाही. अण्णा तेव्हा दोन्ही डोळे घट्ट मिटून घेत. थोड्या वेळाने एकच डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत. आमचा गोल असला तर मी हसायची आणि नसला तर उगाच वाळत घातलेले कपडे सारखे करायला लागायची. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड काय असतं ते मी केवळ या माणसासाठी शिकले.

आक्का, म्हणजे त्यांच्या मिसेस, गेल्या आणि अण्णा फार एकटे पडले. त्यातच दुकानाच्या पायरीवरून घसरून पडले. बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही. पुण्याची मुलगी धावत आली आणि हट्टाला पेटली, "पप्पा, आता इथं एकटं राहायचं नाही." तिचं तरी काय चुकलं? माझे वडील असते तर मीही तेच म्हटलं असतं.

अण्णा म्हणाले, "लीग संपू दे. मग येतो."

तिलाही ते पटलं. आमच्या टीमची लीग दर वर्षी लवकरच संपते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. वरच्या चार टीमना सेमीफायनल मिळते आणि आमची टीम त्या चारांत कधी गेल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं.

नेमकी त्याच वर्षी पोरं जिंकायला लागली.

आता माणूस कसा कोंडीत सापडला बघा. टीम जिंकत राहिली तर अण्णांचा बेळगावातला मुक्काम लांबणार. हरली की सामान बांधायचं. म्हणजे टीम जिंकायलाच हवी. पण त्यांच्या हिशेबाने टीम जिंकायला ते लांब असायला हवेत! दगडावर बसून ते भिंतीवर बोटं वाजवत राहायचे. पुढचंही सुचेना, मागचंही सुचेना अशी त्यांची गत झाली. मला हसू यायचं.

शेवटून दुसरा सामना बरोबरीत सुटला. अण्णा भिंतीशीच होते. दगडावरून उठताना म्हणाले, "भिंतीशी बसणं जवळ पडलं बाई. लई जवळ पडलं."

आता शेवटचा सामना उरला. आम्ही जिंकायचं आणि त्याच दिवशी सांबरा गावच्या टीमने हरायचं, तरच चौथी जागा आमची. गल्लीतला जो तो हिशेब मांडत होता. शनिवारी सकाळी पाहते तर अण्णांच्या दारात मुलीची गाडी उभी. शिलाई मशीन कुणाला तरी देऊन झालेलं आणि खोल्यांची किल्ली मालकाच्या हातात.

गल्ली म्हणाली, शहाणा झाला म्हातारा. मला मात्र त्यांनी गॅलरीखाली येऊन हळूच सांगितलं, "किती लांब गेलं म्हंजे पुरं व्हतंय, काय समजंना झालंय. फाटक झालं, भिंत झाली. आता पुणंच बरं."

मुलीने बोलावून जे झालं नव्हतं, ते एका चौथ्या जागेसाठी झालं. मी रागावले. माणसाने वेडेपणा करावा, पण घर मोडण्याइतका? ते नुसते हसले आणि गाडीत बसले. गाडी मैदानावरून जाताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली. जाता जाता नजर लागायला नको म्हणून असेल.

रविवारी आम्ही जिंकलो आणि सांबरा हरलं. गल्लीत गुलाल उधळला. मी फोन लावला.

"अण्णा, जिंकलो!"

अण्णा म्हणाले, "बघा. म्हटलं नव्हतं?"

"आता सेमीफायनलला या. पोरं गाडी पाठवतो म्हणतायत."

"आता कसा येऊ वो, बाई? जिंकाय लागलीत न्हवं."

त्यांच्या टीमनेच त्यांना पुण्यात डांबून ठेवलं होतं.

सेमीफायनलला आमच्या पोरांचा पार धुव्वा उडाला. मला फोन करवेना. चहा टाकला, दोन वेळा फोन उचलून खाली ठेवला. शेवटी त्यांचाच आला.

"मला काय आशा न्हाय, बाई. आपलं सहज इचारतोय."

"हरलो, अण्णा. चार गोल खाल्ले."

"चार?"

"चार."

"आणि मी हितं पुण्यात असून?"

"तुम्ही पुण्यात असून."

ते हसायला लागले. आक्का गेल्यापासून असं हसू मी ऐकलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला, मागून मुलगी पाणी घेऊन आल्याचा आवाज आला. "म्हंजे माझ्या पायाचा काय दोष नव्हता म्हणा की!"

"कधीच नव्हता, अण्णा."

हसू ओसरलं आणि त्यांचा आवाज आला, अगदी बारीक.

"मग इतकी वरसं आत बसून बघाय आलं असतं की वो."

मला रडू आलं. ते खाकरून म्हणाले, "फुडच्या लीगला येतो. पैल्या पायरीवर बसतो. जागा धरून ठेवा." त्यांच्या खोल्यांत तोवर दुसरं बिऱ्हाड आलं होतं, दुकानात मोबाइलचं काउंटर लागलं होतं. ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. या की, उतरायला आमचं घर आहे, एवढंच म्हटलं.

यंदाची लीग सुरू झाली आहे. अण्णांचे गुडघे गेलेत, मुलगी एवढा प्रवास करू देत नाही. मी आता गॅलरीत उभी राहत नाही. फाटकातून आत जाते, पहिल्या पायरीवर बसते आणि शेजारी माझी पर्स ठेवते. गर्दी झाली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हितं कोण हाय काय?"

"हाय. येणार हायत," मी सांगते.

मला काही आशा नाही. आपली सहज ठेवते.