म्हसोबा आणि आमची सुरी

देवळाच्या भिंतीवर रंगवलेला तो इतिहास वाचला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणे, नीरा-भीमेच्या संगमावरून एक ऋषी आला आणि त्यानं इथं नरसिंह स्थापला. कसला ऋषी आणि कसलं काय. इंदापूरकडच्या आमच्या गावातला, कालव्याकाठचा हा साधा म्हसोबा. गावात पटकी आली तेव्हा पाटलाच्या आज्यानं बाभळीखाली धोंडा मांडला, शेंदूर फासला, आणि माझ्या पणज्यानं, म्हणजे गावच्या मुलाण्यानं, पहिला बोकड कापला. तेव्हापासून जत्रेत नारळ पाटलाचा आणि सुरी आमची. मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून कापल्याबिगर देवाला निवद पोचत नाही आणि गावात कुणी मटण शिजवत नाही. एवढाच इतिहास, आणि तो पोरासोरांनाही पाठ होता.

एकोणीसशे तीसनंतर उसाचा पैसा आला, तसं पाटलाला धोंड्यावर देऊळ हवं झालं. त्यानं कुठलासा बुवा आणून बसवला, आणि बुवानं म्हसोबाचा नरसिंह केला. ऐन जत्रेच्या सकाळी माझा बा सुरी धुऊन निघाला, तर पाटलानं त्याला वाटेतच अडवलं.

"आजपास्नं देव सोवळ्यातला हाय. हितं रगत न्हाय, तुजं काम न्हाय."

बा सुरी घेऊन माघारी आला. मला मात्र त्या पाटलाचं थोबाड फोडावंसं वाटलं.

दुपारी तोच पाटील आमच्या मागल्या दारी उभा. सोबत गडी, गड्याच्या हातात बोकड. अंथुर्ण्याहून व्याही जेवायला आले होते, आणि पाटलाची म्हातारी आई मुलाण्याच्या सुरीबिगर चुलीवर भांडं चढवू देईना. जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी माणसाला.

"हितंच काप गुपचूप," पाटील म्हणाला. "मुंडी-पाय तुलाच."

"तात्या, बोकड देवाम्होरं आना," बा म्हणाला. "तितं कापतो. मागल्या दारी न्हाय."

देवापुढं तर बुवा बसलेला. पाटील पाय आपटत गेला. व्याही पिठलं खाऊन उठले. त्या दिवशी गावभर पिठलंच शिजलं.

दरवर्षीची मुंडी आली नव्हती, तेव्हा आमच्या चुलीवरही तेच. बा ताटावर बसला, भाकरी मोडली आणि हात आखडला. मी खेकसले, "जेव की बा. त्या पाटलापायी उपाशी कशाला मरतोस?"

"पाटलापायी न्हाय गं," तो म्हणाला. "आज जत्रा, आन् देवाला अजून निवद न्हाय. त्याच्या आदी मी कसा खाऊ?"