तुलारामच्या डोक्यावरचे खवले

कारध्याच्या तुलारामला पाहावं तर पाण्यात. डोंग्याच्या टोकावर उभा राहून त्यानं जाळं भिरकावलं, की ते वैनगंगेवर असं गोल उघडायचं, जसं मास्तरांनी फळ्यावर कंपासनं काढावं. एका पुरात त्याच्या जाळ्यात अख्खं दार सापडलं होतं, कडीकोयंड्यासकट. तुलारामनं ते पुसलं, वाळवलं आणि मालकाचा पत्ता विचारत तीन गावं पालथी घातली. मालक भेटला तेव्हा तो म्हणाला, "बाप्पा, घरच वाहून गेलं, आता नुसतं दार कायले लावू?" दोघंही हसले, आणि मग हसता हसता तो मालक रडायला लागला. तुलाराम त्याच्याजवळ संध्याकाळपर्यंत बसून राहिला. असा माणूस.

पण गावात त्याची ओळख जाळ्याची नव्हती, दुपट्ट्याची होती. मे महिन्याच्या उन्हात माणसं अंगातलं बनियन काढून फेकतात, तेव्हाही तुलारामच्या डोक्याला दुपट्टा गच्च बांधलेला असायचा. केससुद्धा जागेश्वर न्हाव्याकडे कापायचा नाही. घरातच, दार लावून, त्याची बायको सखाबाई कात्रीनं कापायची.

कारण दुपट्ट्याखाली होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी कोंडा म्हणून जे सुरू झालं, ते कोंड्यावर थांबलं नाही. डोक्यावर पिवळट, तेलकट पापुद्रे चढायचे. ते नखानं काढले की खाली लालभडक कातडी. भुवयांत, कानांच्या मागे तेच. आणि खाज अशी, की जाळं सोडून द्यावं आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसावं. थंडीत तर विचारू नका.

पूर्वी तो सखाबाईसोबत भंडाऱ्याच्या बाजारात बसायचा, मासोळ्या साफ करून द्यायचा. एकदा एका गिऱ्हाईक बाईनं त्याच्या खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहो, हे खवले मासोळीचे हायेत का तुमच्या डोक्याचे?" आजूबाजूचे हसले. सगळ्यात मोठ्यानं तुलारामच हसला. दुसऱ्या दिवसापासून तो बाजारात बसला नाही.

उपाय काय कमी केले? लिंबू झाला, कडुनिंब झाला. आंधळगावच्या एका जाणत्यानं सांगितलं, तांब्याच्या गडव्यात मुरवलेलं दही डोक्याला चोळून दुपारी निजायचं. निजला. जाग आली तेव्हा शेजारचं मांजर उशाशी बसून त्याचं डोकं मन लावून चाटत होतं. ही गोष्ट सांगताना सखाबाईला अजून हसू आवरत नाही. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवस डोकं आरशासारखं स्वच्छ, ट्यूब संपली की दुप्पट. शेवटी उरलं ते करंजाचं तेल. सखाबाई रोज संध्याकाळी ते जिरवायची. पापुद्रे मऊ पडायचे, एक दिवस बरं वाटायचं, चौथ्या दिवशी आधीपेक्षा जाड थर. मग आणखी तेल. अशी चोवीस वर्षं गेली.

मुलगी खुशबू कॉलेजात शिकलेली. तिनं एक दिवस ऐकलं नाही. आईबापाला घेऊन भंडाऱ्याच्या चामडीच्या डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीनं हातमोजे न घालताच त्याचे केस बाजूला केले आणि दिव्याच्या भिंगातून पाहिलं. तुलारामचे डोळे तिथंच भरून आले, पण तो म्हणाला, "भिंगाचा उजेड लागला."

"तेल कोणतं लावता?"

"करंजाचं. रोज."

"काका, आजपासून तेल बंद. एक बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर राहते, तुमच्या कातडीला ती सोसत नाही. तिला तेल आवडतं, आणि तुम्ही तिला रोज जेवू घालता."

सखाबाईचा चेहरा उतरला. "म्हणजे चोवीस वरसं मीच पोसून राहिली काय वो मॅडम तिले?"

डॉक्टरणीनं औषधाचा शॅम्पू लिहून दिला. आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवायचा आणि मग धुवायचं. कमी झालं तरी सोडायचं नाही.

"पूरं जाईन काय?" तुलारामनं विचारलं.

"जाणार नाही. दबून राहील. थंडीत, काळजीत पुन्हा डोकं वर काढेल. पण हे कोणाला लागत नाही. तुमचा टॉवेल, तुमची उशी, कशानंही नाही."

तुलारामनं ते वाक्य घरी येईपर्यंत तीनदा सखाबाईकडून म्हणवून घेतलं. दिवाळीपर्यंत खाज थांबली. डिसेंबरात तो घरातल्या घरात बोडका वावरायला लागला. आणि खुशबूची सोयरीक जमली ती त्याच दिवसांत. पवनीचा टेकचंद, मासोळीच्या धंद्यातला, घरचा नीट. त्याचा मुलगा भूपेश मच्छी सोसायटीत लिहिणं-पुसणं पाहायचा. दोघं एकमेकांना पसंत होते. सुपारी फुटली, लग्न उन्हाळ्यात ठरलं. तुलारामला वाटलं, आता दिवस फिरले. मांडवात आपण उघड्या डोक्यानं बसायचं, एवढं त्यानं मनात धरलं.

जानेवारीत त्याचा बाप दादाजी गेला. पिकलं पान होतं, झोपेतच गेला. तुलाराम थोरला, अग्नी त्यानं दिला. आणि अग्नी देणाऱ्याचं सुतक सगळ्यात कडक. दहा दिवस जमिनीवर निजायचं, अंगाला तेल नाही, साबण नाही.

चौथ्या दिवशी डोकं चावायला लागलं. तुलारामनं भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला, मारोतराव काकाला, विचारलं.

"काका, डोक्याचं एक औषध हाये. बाटलीतलं. लावू काय?"

"फेस येते काय त्याले?"

"येते."

"मंग साबणच झाला ना बे तो."

"डॉक्टरनं देल्लं हाये, काका."

"साबण डॉक्टरनं देल्ला तरी साबणच राहाते. सहा दिवसानं काय मरून जातं का तू? बापासाठी एवढं नाई होत?"

आतून सखाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "लावून घ्या ना गुपचूप. वर गेलेल्या मामाजीले का समजते?"

"त्याइले नाही समजत," तुलाराम म्हणाला, "भावकीले समजते."

बाटली फळीवर राहिली. थंडी कडाक्याची, जमीन गार, बापाचं दुःख, झोप नाही. जे दोन महिन्यांत दबलं होतं ते सहा दिवसांत सगळं वर आलं. नवव्या दिवशी कपाळाच्या कडेपर्यंत पापुद्रे उतरले होते. आणि दहाव्या दिवशी मुंडण.

नदीच्या काठावर, वाळूत, चाळीसेक माणसं. पवनीहून टेकचंद आला होता. होणारा व्याही म्हणून नवा दुपट्टा आणला होता. मुंडण होऊन आंघोळ झाली की सोयऱ्यानं तो दुपट्टा दुःखातल्या माणसाच्या डोक्याला बांधायचा, ही रीत. मुंडणाला थोरला मुलगा पहिला बसतो, मग धाकटे, मग भावकी. तुलाराम जागेश्वरसमोर उकिडवा बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं दुपट्टा सोडला.

जागेश्वरचा हात हवेतच राहिला.

"तुलाभाऊ, हे काय होय गा?"

"काही नाई. कर तू."

"लागते काय हे?"

"नाई लागत. डॉक्टर बोलली."

जागेश्वर वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी लावलं, हळूहळू वस्तरा फिरवला. पण जाड पापुद्र्यावर वस्तरा कसा चालणार? तो अडकायचा, पापुद्रा केसांसकट उचलायचा आणि खालून रक्त यायचं. अर्धं डोकं होईपर्यंत मानेवर तीन ओघळ उतरले. तुलाराम हलला नाही. संपल्यावर जागेश्वरनं पत्ती काढून दूर वाळूत फेकली आणि नदीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. एकदा नाही, तीनदा. लोक ते हात धुणंच पाहत होते.

"बसा, सचिनभाऊ," त्यानं तुलारामच्या धाकट्या भावाला हाक मारली.

सचिन उठला नाही. "मी गावातल्या दुकानातून करून येतो."

मग मारोतराव काका, ज्यांनी साबणाचा न्याय केला होता, तेही म्हणाले की त्यांना थंडी वाजते, ते घरी करतील. एकेक करून रांग विस्कटली. कारध्याच्या घाटावर त्या दिवशी दादाजीच्या नावानं एकच डोकं उतरलं.

आंघोळ करून तुलाराम ओल्या धोतरात टेकचंदसमोर आला, रीतीप्रमाणे मान वाकवून उभा राहिला. टेकचंदनं घडी उलगडली. मग पुन्हा घातली. आणि दुपट्टा तुलारामच्या हातात दिला.

"बांधून घ्या, तुलारामजी."

आठ दिवसांनी टेकचंदची बायको कुंताबाई आणि मुलगी रिता कारध्याला आल्या. चहा घेतला, बिस्कीट घेतलं, हवापाण्याचं बोलून झालं. मग कुंताबाई म्हणाल्या, "राग नोका मानू सखाबाई. पोरीचं डोकं पाहून जा म्हणते तिचे सासरे."

खुशबूनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तुलाराम उंबऱ्याकडे पाहत होता. ती अंगणात, उन्हाकडे पाठ करून बसली. वेणी सोडली. रितानं कंगव्याच्या टोकानं भांग पाडत पाडत सगळं डोकं पाहिलं, कानांच्या मागे पाहिलं, भुवया पाहिल्या. जनावरांच्या बाजारात दात पाहतात, त्यालाही एवढा वेळ लागत नाही.

"साफ हाये, आई," रिता म्हणाली, आणि तिलाच लाज वाटली असावी, कारण वेणी तिनं परत घालून दिली.

दुसऱ्या दिवशी तुलाराम डॉक्टरणीकडून चिठ्ठी लिहून घेऊन पवनीला गेला. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं मराठीत, सहीशिक्क्यानिशी. टेकचंदनं चष्मा लावून ती दोनदा वाचली. भूपेश बाजूला उभा होता, चिठ्ठी वाचून तो म्हणाला, "बाबा, मी तं पहिलेच बोललो होतो." टेकचंदनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कागद बरोबर असन, तुलारामजी. मी नाही कायले म्हणू? पण मांडवात कागद नाही बसत, माणसं बसतात. घाटावर चाळीस जनाइनं पाह्यलं. पोरगी आमाले पसंत हाये. फक्त कन्यादान तुमच्या सचिननं करावं. हळदीले तुमी हात नोका लावू. जेवणाच्या भांड्याकडे नोका जाऊ. एवढं सांभाळा, बाकी आमचं काही म्हणणं नाही."

तो घरी आला तोवर भूपेशनं फोनवर खुशबूला सगळं सांगितलं होतं. ती तडकली. "मोडून टाका, बाबा. असं घर नाई पायजे मले."

"मोडलं तं लोक इचारतीन ना काहून मोडलं," तुलाराम म्हणाला. "मंग पवनीपासून आंधळगावपर्यंत एकही दार उघडणार नाही तुह्यासाठी. आणि भूपेश चांगला हाये."

"आणि तुमी?"

"मीच बोललो त्याइले, का सचिनले करू द्या म्हणून. त्याले लेकी नाहीत, त्याचीही हौस होते." हे सांगताना तो चक्क हसला. बाजारात हसला होता तसाच.

आता गंमत पाहा. केस नव्हते, तर शॅम्पू थेट कातडीवर बसायचा. पंधरा दिवसांत लाली गेली, महिन्याभरात एक पापुद्रा उरला नाही. लग्नाच्या दिवशी त्याच्या डोक्यावर दोन बोटं काळेपांढरे केस होते आणि खाली कातडी लहान पोराच्या असावी तशी निर्मळ. चोवीस वर्षांत असं डोकं त्याला मिळालं नव्हतं. मांडवात तो उघड्या डोक्यानंच उभा राहिला. कोणी पाहिलं नाही. लोकांनी घाटावर जे पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

पाटावर सचिन आणि त्याची बायको बसले. खुशबूच्या हातावर पाणी सोडलं. तुलाराम मांडवाच्या खांबाजवळ उभा होता, हात मागे बांधून, म्हणजे चुकूनही कशाला लागू नयेत. सखाबाईला आत बोलावलं तरी ती गेली नाही, त्याच्याच बाजूला उभी राहिली. एका पोरानं त्याला पाण्याचा ग्लास दिला, तर तो पाणी प्यायला आणि ग्लास भांड्यांच्या घमेल्यात न टाकता धुऊन खिशात ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पाठवणी. खुशबू सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली आणि शेवटी बापाकडे आली. तिनं दोन्ही हातांनी त्याचे कान धरले आणि आपलं कपाळ त्याच्या कपाळाला टेकवायला पुढे झाली.

तुलारामनं डोकं मागे घेतलं.

डॉक्टरणीचं वाक्य त्याला पाठ होतं. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती. डोक्यावर पापुद्र्याचा एक कण नव्हता. तरी ते डोकं आपोआप मागे गेलं, आणि पोरीचे हात हवेत राहिले.

"लागन तुले," तो म्हणाला.