तक्रारीला वीस मिनिटं

आमच्या शाळेनं एक दिवस ठरवलं की विज्ञान शिकवणाऱ्या सगळ्यांनी इंग्रजीची परीक्षा द्यायची. वीस मिनिटं लेखन, मग समोरासमोर बोलणं. जो नापास होईल त्याच्याकडून दहावीचा वर्ग जाणार. दहावीला शिकवण्यात माझा जीव आहे. भिंगातून उलटं चित्र पहिल्यांदा पाहताना पोरांचे चेहरे होतात ना, ते मला कुणाला द्यायचे नव्हते. आमच्या प्राचार्या सुदामा नगरात आमच्याच गल्लीत राहतात. म्हणाल्या, "काही नाही हो, बस एक टेस्ट देऊन टाकायची. फालतू टेन्शन नका घेऊ." असं सांगणाऱ्या माणसाला स्वतःला परीक्षा द्यायची नसते.

विजय नगरातल्या एका चकचकीत इमारतीत परीक्षा होती. संगणकाच्या पडद्यावर प्रश्न आला: शेजारी मोठ्यानं गाणी लावतो, त्याला तक्रारीचं पत्र लिहा. कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. आता मला सांगा, इंदुरात शेजाऱ्याकडे कुणी एकदम भांडायला जातं का? आधी तब्येत विचारायची. आईंचे गुडघे कसे आहेत, मुलीचं कुठे जमतंय का, परवा पाठवलेले गराडू कंदाचे तळलेले काप फार छान झाले होते. मग चहा येतो. चहा अर्धा झाला की विषय काढायचा. मी त्याच रीतीनं, चांगल्या इंग्रजीत, सगळं लिहिलं. "एक छोटीशी गोष्ट बोलायची होती" इथवर पोचले आणि पडदा बंद झाला.

बोलण्याच्या परीक्षेला समोर एक तरुण मुलगी बसली होती. तिनं विचारलं, फावल्या वेळात काय करता? मी म्हटलं, सांगते, पण आधी तू सांग, सकाळपासून काही खाल्लंस का? ती गप्प. गाव कुठलं विचारलं, तरी गप्प. परीक्षकानं स्वतःबद्दल बोलायचं नाही असा नियम असतो म्हणे, पण हे मला नंतर कळलं. माझं डोकंच फिरलं. पुढचा विषय आला, 'तुम्हाला चीड आणणारी एखादी गोष्ट'. मी तिच्याकडे बघूनच सुरू झाले. साध्या प्रश्नाला उत्तर न देणारी माणसं, त्यांना लागलेलं वळण, पुढे सासरी त्यांचं काय होणार. दोन मिनिटं संपली तरी मी थांबेना. शेवटी तिला हात वर करावा लागला.

बोलण्यात मला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळाले. लेखनात नापास. शेरा होता, पत्रात तक्रार आढळली नाही.

एक शेवटची संधी मिळाली. माझे यजमान बँकेत आहेत, लोकांची तक्रारपत्रं वाचण्यात त्यांची हयात गेलेली. म्हणाले, "अगं, सीधं पॉइंटवर ये ना. पहिल्याच ओळीत." सरावासाठी त्यांनी स्वतःविरुद्धच लिहायला सांगितलं. पहिल्या दिवशी मला काही सुचेना. आठवड्याभरात कागद पुरेना. पलंगावरचा ओला टॉवेल, अर्धवट ऐकणं, माझ्या माहेरच्यांची नक्कल. ते लाल पेननं स्वल्पविराम सुधारत राहिले आणि दिवसेंदिवस गप्प होत गेले. टॉवेल मात्र दोरीवर वाळत पडू लागला.

दुसऱ्या खेपेला मी इतक्या चांगल्या मार्कांनी पास झाले की तिथेच घात झाला. प्राचार्या खूश होऊन म्हणाल्या, "अरे वा, तुमची इंग्लिश तर एकदम झकास निघाली." आणि बाकीच्या शिक्षकांना इंग्रजी बोलायला शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. त्यासाठी वेळ काढायचा म्हणून दहावी एका नव्या सरांना दिली. मी घरी येऊन रडले. अगदी हमसून रडले.

सकाळी प्राचार्यांच्या टेबलावर पत्र ठेवलं. इंग्रजीत, दोन ओळींचं. तब्येतीची चौकशी नाही, घरच्यांची विचारपूस नाही. ही परीक्षा मी दहावीसाठी दिली होती. माझा वर्ग मला परत द्या.

मधल्या सुट्टीच्या आत वर्ग परत मिळाला. त्या दिवसापासून प्राचार्या माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलतात, तेही कामापुरतं, आणि ते मला फार लागतं.