निकालाआधीचे बताशे

किराणा दुकानात बताशांचा वास आला आणि पंचावन्न साल आठवलं. मिशनच्या शाळेचा शेवटचा दिवस होता. सिस्टर पास झालेल्यांची नावं वाचत होत्या. बा बताशांची पुडी घेऊन दारात उभा होता. माझे पाय एका जागी ठरत नव्हते.

यादी संपली. माझं नाव आलंच नाही. तरी बा एकेका पोराच्या हातावर बताशा ठेवत निघाला. मी त्याचा सदरा ओढला. “घरी चल ना बा. कायले वाटून राहिला?”

“हे पोरं तं पास झाले ना.”

तेव्हा मला त्याची भारी लाज वाटली होती.

“नातू पास झाला वाटतं?” मी बताशांच्या बरणीकडे बोट दाखवताच दुकानदाराने विचारलं.

“निकाल उद्या आहे,” मी म्हणाले. “पण अर्धा किलो तोला. कोणाचं तरी पोरगं पास होईलच.”