बांधातली जीप

नोकरीच्या काळात शेकडो गुन्हे हाताखालून गेले आणि त्यातले बरेचसे आता विसरलोही आहे. ते जीपचे प्रकरण मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. नावे कुणाचीच सांगणार नाही, कारण त्यातली काही माणसे अजून त्याच भागात राहतात.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी नवा फौजदार होतो आणि पनवेलकडच्या एका ठाण्यात माझी नेमणूक होती. वाशीकडे इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण आमच्या हद्दीत अजून भातखाचरे, मिठागरे आणि मधूनच भरावाची माती वाहणारे डंपर. जमीन संपादनावरून गावे तापलेली होती. थोड्याच दिवसांपूर्वी एका मोर्चात दगडफेक झाली होती, गुन्हे दाखल झाले होते आणि काही तरुण फरारी होते. खाकी दिसली की ओटीवरचा माणूस उठून आत जायचा.

एका सोमवारी सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. "कामोठे गावाबाहेरच्या गॅरेजमध्ये चोरीची जीप रंगवून ठेवलीय. दोन दिवसांत विकली जाणार. बघा काय ते," एवढे बोलून त्याने फोन ठेवला. स्टेशन डायरीत नोंद करून मी एका जुन्या हवालदाराला घेऊन निघालो.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, भिंतीवर बुद्धाचे कॅलेंडर आणि बाहेर टायरांचा ढीग. आत ती जीप उभी होती. दुसऱ्या महायुद्धातली, अमेरिकी लष्करासाठी बनलेली. अंगावर ओला वाटावा असा ताजा हिरवा रंग, समोर उभ्या पट्ट्यांची जाळी, बॉनेट इतके सपाट की त्यावर ताट वाढावे. मी तपासाला आलो आहे हे दोन मिनिटे विसरूनच गेलो. हवालदार खाकरला तेव्हा भानावर आलो.

मालक पन्नाशीचा, महाडकडचा. लष्करात ड्रायव्हर-मेकॅनिक होता, निवृत्तीनंतर इकडे येऊन डंपर दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

"ही गाडी कुणाची?" मी विचारले.

"माझी, साहेब. तीन वर्षं लागली उभी करायला. पुण्याचे एक रिटायर्ड मेजरसाहेब घेणार आहेत."

"कागद?"

"कागद नाहीत. भंगारातून आणली. चासी आणि इंजिन, तेवढंच होतं. बाकीचा पत्रा न् पत्रा मी ठोकलाय."

"कुणाच्या भंगारातून?"

इतका वेळ भरभरून बोलणारा माणूस एकदम गप्प झाला. मी तीनदा विचारले. शेवटी तो म्हणाला, "ते नका विचारू, साहेब." मी चासी क्रमांक टिपून घेतला, पंचनामा केला, जीप जप्त केली आणि मिस्त्रीला ठाण्यात आणले.

दोन तासही झाले नसतील, तोच सफारी घातलेला एक गृहस्थ ठाण्यात हजर झाला. मुंबईत जुन्या गाड्यांचा व्यापार करत असल्याचे त्याने सांगितले. "माझी जीप तुम्हाला सापडली म्हणे," असे म्हणत त्याने आर.सी. बुक टेबलावर ठेवले. पासिंग मध्य प्रदेशातले होते. चासी क्रमांक तंतोतंत जुळला. तीन वर्षांपूर्वी लोणावळ्याहून गाडी चोरीला गेली, आपण तेव्हा परदेशी होतो म्हणून तक्रार राहून गेली, असा त्याचा जबाब. इतक्या लवकर ही बातमी त्याला कुणी दिली, हे मी तिथेच विचारायला हवे होते. क्रमांक जुळल्याच्या आनंदात ते राहून गेले. मिस्त्रीवर चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा लागला आणि दुसऱ्या दिवशी कोर्टातून त्याची पोलीस कोठडी मिळाली.

त्या कोठडीत मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला. गोड बोललो, दरडावले, त्याच्या लष्करातल्या नोकरीची आठवण करून दिली. इंजिनबद्दल विचारले की तो तासभर बोलायचा. गाडी कुठून आणलीस म्हटले की भिंतीकडे बघायचा. माझे वरिष्ठ म्हणाले, "गप्प आहे म्हणजे चोर आहे. कशाला डोकं खपवतोस?"

आर.सी. बुक पडताळायला मध्य प्रदेशात पत्र धाडले होते, पण उत्तराला काही आठवडे लागणार होते. तेवढ्यात सफारीवाल्याने जीप ताब्यात मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला. गुरुवारी दुपारी तीनला सुनावणी ठरली. एकदा जीप त्याच्या हातात गेली असती, तर ती कुठे विकली गेली याचा पत्ताही लागला नसता.

बुधवारी तो जीप बघायला ठाण्याच्या आवारात आला. मी सहज म्हणालो, "चालू करून बघा की." तो ऐटीत बसला, किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर स्टार्टरचे बटण शोधू लागला. सगळी बटणे दाबून झाली. "बॅटरी उतरलीय," तो म्हणाला.

मी मिस्त्रीला कोठडीतून बाहेर आणायला सांगितले. तो आला, जीपकडे एकदा डोळे भरून पाहिले, आत बसला आणि अ‍ॅक्सिलरेटरशेजारचे एक छोटे बटण बुटाच्या टोकाने दाबले. जीप गर्जना करून सुरू झाली! अख्खे ठाणे बाहेर धावले. हवालदाराने तर चक्क टाळ्या वाजवल्या. त्या पिढीच्या जीपचा स्टार्टर पायाखाली असतो आणि वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाला ते माहीत नसणे शक्य नव्हते.

सफारीवाला मात्र हसला. "यानं नंतर बदल केला असेल. माझ्या वेळी बटण वर होतं."

माझा उत्साह जागच्या जागी मावळला. माझी खात्री पटली होती, पण कोर्टाला पुरावा लागतो.

त्या दुपारी मिस्त्रीची बायको डबा घेऊन आली. मी तिला बाकावर बसवले आणि सरळ सांगितले, "वहिनी, उद्या तीन वाजता जीप जाईल आणि हे आत राहतील. मला वाटतंय की ते निर्दोष आहेत. पण ते बोलत नाहीत."

ती डब्याच्या कडीशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "उलव्याला जा, साहेब. खाडीच्या बाजूचं शेवटचं घर. पण खाकी काढून जा. आणि मी सांगितलं हे यांना कळू देऊ नका."

गुरुवारी सकाळी साधा शर्ट घालून मी बुलेटवर उलव्याला पोचलो. शेवटच्या घरासमोर पंचेचाळिशीची एक बाई अंगणात जवळा वाळत घालत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने वरही पाहिले नाही.

"पोलीस हाय ना तू?"

"कशावरून, बाय?"

"बूट बग तुजे."

मी खाली पाहिले. शर्ट बदलला होता, बूट सरकारीच होते. मला हसू आले. ती हसली नाही.

"मिस्त्रीला तुमीच कोंडला ना?" ती म्हणाली. "त्यानी चोरी नाय केली. गारी आमची व्हती."

आणि मग तिने सगळे सांगितले. फार पूर्वी मिठागराच्या एका ठेकेदाराने लष्कराच्या लिलावातली ती जीप आणली होती. ती चिखलात रुतली आणि तो तिथेच टाकून गेला. पुढे एका मोठ्या उधाणाला खाडीचा बांध फुटला, खारे पाणी शेतात घुसू लागले. तेव्हा तिच्या नवऱ्याने गावकऱ्यांच्या मदतीने ती जीप ढकलत नेऊन भगदाडात घातली, वर दगडमाती टाकली. जीपसकट तो बांध वर्षानुवर्षे टिकला. नवरा गेला, जमीन संपादनात गेली आणि भरावाच्या कामावर डंपर दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला मातीतून डोकावणारे चाक दिसले.

"मी बोलली, ने. त्यानी आमच्या होरीचं मशीन नीट करून दिलं. बास."

"हे कोर्टात सांगाल?"

तिने घराच्या दाराकडे पाहिले. "माज्या पोराच्या नावावर वारंट हाय, मोर्च्याचं. मी कोर्टात आली का तुमी घरात शिरनार. म्हनून तर मिस्त्री गप हाय. त्याला ठावं हाय पोरगा कुटं हाय."

वॉरंट दुसऱ्या ठाण्याचे होते, पण म्हणून मी तोंड फिरवीन असे वचन देणे खोटेपणाचे झाले असते. तेवढ्यात दार उघडले आणि पंचविशीचा तिचा मुलगा स्वतःच बाहेर आला. आई ओरडली, पण तो थांबला नाही. त्याने मला दाराच्या चौकटीकडे बोलावले.

चौकटीवर हाताएवढी एक पट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती. तिच्यावर तेलरंगाचे एकावर एक थर चढलेले. "बापानं लावलीय. जीपच्या आतली हाय. चमकते म्हनून ठोकली, मंग दरसाल दाराबरोबर रंगत गेली."

मी त्याला हात लावू दिला नाही. आधी गावातले दोन पंच बोलावले. त्यातला एक तर मला बघून थुंकलाच होता, पण मिस्त्रीचे नाव काढताच पुढे आला. पंचांसमोर मी चाकूने रंग खरवडू लागलो. निळा थर गेला, मग हिरवा, मग तपकिरी आणि खाली पितळ चमकले. त्यावर कोरलेले आकडे एकेक करून दिसू लागले. मी डायरी उघडली आणि पंचाला मोठ्याने वाचायला सांगितले. प्रत्येक आकडा चासी क्रमांकाशी जुळत गेला. शेवटचा आकडा जुळला तशी मी पट्टी चौकटीवरून उचकटली आणि पंचनामा करून ताब्यात घेतली.

तीन वर्षांपूर्वी लोणावळ्यात धावणाऱ्या जीपची पाटी उलव्याच्या दारावर इतक्या थरांखाली असणे शक्यच नव्हते.

घड्याळात साडेबारा वाजले होते. मुलाने दोन्ही हात पुढे केले. "मला न्यायचा तर न्या. पन मिस्त्रीला सोरा."

मी म्हणालो, "मी कोर्टातच चाललोय. आईबरोबर चल आणि स्वतःहून हजर हो. पकडून आणलं असं मी लिहिणार नाही."

तो आला. एका गावकऱ्याच्या मासळीच्या टेम्पोत ती दोघे आणि पंच, पुढे मी बुलेटवर. तीनला दहा मिनिटे असताना आम्ही कोर्टात शिरलो. बाई मॅजिस्ट्रेटसमोर उभी राहिली आणि आपल्याच बोलीत, एकही शब्द न अडखळता, बांध फुटल्यापासूनची सगळी हकीकत सांगितली. मॅजिस्ट्रेटनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि सफारीवाल्याला विचारले, "आपल्या जीपची पाटी यांच्या दारावर कशी गेली?" त्याच्या वकिलाने पुढची तारीख मागितली. अर्ज फेटाळला गेला. कोर्टाच्या दाराबाहेर हवालदार सफारीवाल्याची वाटच बघत उभा होता.

पुढच्या चौकशीत तो पहिल्याच तासात बोलला. महिनाभर आधी गिऱ्हाईक म्हणून तो गॅरेजमध्ये गेला होता. जीप मेजरसाहेबांना कबूल केल्याचे सांगून मिस्त्रीने त्याला नकार दिला होता. तेव्हा त्याने गाडीखाली वाकून क्रमांक टिपला, मोडीत निघालेल्या दुसऱ्या जीपचे आर.सी. बुक मिळवून त्यातले आकडे खोडले आणि हे आकडे घातले. निनावी फोनही त्याचाच.

मिस्त्री सुटला. बाईच्या मुलाला जामीन मिळाला. फरारी आरोपीला बेड्या न घालता मासळीच्या टेम्पोतून आणल्याबद्दल मला लेखी खुलासा द्यावा लागला. जीपचे कागद रीतसर व्हायला बरेच महिने गेले, पण मेजरसाहेब थांबले.

गाडी सोपवायच्या आदल्या दिवशी मिस्त्री ती घेऊन उलव्याला गेला. मलाही बोलावले होते. बाईला पुढे बसवून त्याने खाडीच्या काठाने जीप अशी पळवली की मागे धुळीचा लोट उठला आणि सगळे गाव ओरडत रस्त्यावर आले. उतरताना ती धापा टाकत म्हणाली, "इतकी वर्सं पानी अरवलं हिनं. धावते पन काय!" मिस्त्री पोट धरून हसत होता. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिले.

मी कोठडीत त्याला सारखे विचारत होतो, "जीप कुणाकडून आणलीस?" विचारायला हवे होते ते वेगळेच: "सांगितलंस तर कुणाचं नुकसान होईल?" पुढे गप्प बसलेल्या प्रत्येक माणसाला मी हा प्रश्न आधी विचारू लागलो. काही खरोखरच चोर निघाले. पण बाकीच्यांनी उत्तर दिले आणि त्या उत्तरांत ज्यांची भीती होती, ते बऱ्याचदा आम्ही पोलीसच होतो.